निम्मा खांब

प्रेमानंदानं पहिला घाव घातला तेव्हा खांबाचा साधा टवकाही उडाला नाही. उलट घणाच्या दांड्यातून त्याच्याच कोपरापर्यंत झिणझिण्या चढल्या. खांबानं आपल्यालाच मारलं असं त्याला वाटलं आणि तो पेटला. मग घावावर घाव. प्लास्टर सुटलं, सिमेंटचे खडे गोफणीतून सुटावेत तसे उडायला लागले, आणि छातीएवढ्या भिंतीच्या पलीकडून थोरल्या भावाचा, वसरामचा, आवाज आला.

"हाण, हाण! तुझ्या निम्म्याला हाण. माझ्या निम्म्याला घण लागला तर हात उपटून हातात देईन!"

घराची वाटणी झाली होती, आणि त्या वाटणीत हा खांब मधोमध सापडला होता.

साखरा गावाच्या अलीकडं माळावर हा बंजाऱ्यांचा तांडा. पूर्वी इथली घरं कुडाची, वर पत्रे. अशा घराची वाटणी सोपी असायची. भावाभावांचं फाटलं की घर उतरवायचं, पत्रे वाटून घ्यायचे, बल्ल्या वाटून घ्यायच्या, आणि छपराचं लांब आढं उरलं की ते करवतीनं मधोमध कापायचं. ह्या दोघांचा बाप गुलाबचंद आपल्या भावापासून वेगळा निघाला तेव्हा सागाचं जाडजूड आढं असंच कापलं होतं. बापाच्या वाट्याचा तुकडा अजून गोठ्यात पडून होता. त्या वाटणीनं कुणाचं काही बिघडलं नाही. निम्म्या आढ्यावर लहान छप्पर उभं राहिलं, एवढंच.

पुढं दोन्ही पोरांनी ऊसतोडीला जाऊन जाऊन हे स्लॅबचं घर बांधलं. एकच मोठी लांबरुंद खोली, मधोमध खांब, आणि खांबाच्या डोक्यावरून पुढच्या भिंतीपासून मागच्या भिंतीपर्यंत गेलेला बीम. बाप वारला, आधी जावाजावांचं बिनसलं, मग भावांचं. तांड्याच्या नायकानं रीत सांगितली. थोरल्यानं वाटे पाडायचे, धाकट्यानं आधी उचलायचा. वसरामनं सूत धरलं. सूत बीमखालून गेलं आणि खांबाच्या पोटावर टेकलं.

"खांब निम्मा निम्मा," नायक म्हणाला.

कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. सागाचं आढं निम्मं होतं तर सिमेंटचा खांब काहून नाही?

राहिली म्हातारी. नीलाबाई, दोघांची आई. तांड्यात आईला याडी म्हणतात. तिचा खुबा मोडला होता. डॉक्टरांनी पायाला दोरी बांधून, दोरीला विटा लटकवून, हलायचं नाही म्हणून सांगितलं होतं. "मला न्हाई कापायचं करवतीनं," ती म्हणाली. "खाट सुतावर आडवी टाका. डोकं थोरल्याकडं, पाय धाकट्याकडं. शिव्या खायला थोरला, पाय दाबायला धाकटा." नायकासकट सगळे हसले, आणि खाट खरोखरच तशी टाकली गेली, खांबाला लागून.

मग वसरामनं मागच्या भिंतीपासून खांबापर्यंत सुतावर विटांची भिंत रचली. मातीत, चार इंची, फरशीवरच. खाटेसाठी तिच्यात भोक ठेवलं, भोकावर एक फळी टाकली, फळीवर पुन्हा विटा. म्हातारी दोन घरांत निजलेली, वर फळीवरची भिंत.

आणि प्रेमानंदानं पिठाची गिरणी आणली. मोटार मागं, गिरणी पुढं, मधून चामड्याचा पट्टा. गिरणीची बिडाची बैठक खांबाजवळ मांडून झाली, मोटार बसली, पट्टा ताणला. आणि पट्टा खांबाला घासायला लागला. प्रेमानंदानं भिंतीवरून मान काढून थोरल्याला विचारलं, "भिया, माझ्या आंगच्या भिंतीला खिळ्याखुट्यानं धान्याची कोठी लावलेली हाये, तिकडं सरकता येत न्हाई. ही मधली भिंत जरा तुझ्याकडं घेतली तर मोटार तिरपी बसवतो."

"भिंत माझ्या जागेत हाये."

"खांब आडवा येऊन राहिला ना!"

"निम्मा खांब तुझा हाये. चाटून खा न्हाईतर फोडून टाक. मला काहून इचारतो?" वसरामनं तंबाखू मळत म्हटलं. "फोडायची धमक असली तर."

ही धमकेची गोष्ट मग प्रेमानंदाच्या डोक्यात गेली.

त्याची बायको निता दारात गहू पाखडत होती. सूप टाकून ती आत आली. "अवो, तुमी हिंगोलीत त्या नचिकेत साहेबाच्या कामावर दोन वर्सं सेंट्रिंग ठोकलं ना? त्यो काय सांगत होता खांबाचं, इसरले का?"

प्रेमानंद विसरला नव्हता. नचिकेत साहेब इंजिनियर होता, घर बांधायला आलेल्या लोकांना सगळं हाताशी असेल त्याच्यावर दाखवायचा. एकदा त्यानं प्रेमानंदालाच पुढं ओढलं, डोक्यावर सिमेंटची गोणी ठेवली. "हा खांब. बघा, सरळ उभा आहे तोवर गोणी पेलतो. स्लॅबचं वजन बीमवर, बीमचं ह्याच्यावर, ह्याचं पायावर, पायाचं जमिनीवर. वजनाला खाली जायला सलग वाट पाहिजे." मग तो म्हणाला, "प्रेमानंद, एक पाय उचल." प्रेमानंदानं पाय उचलला, कमरेत वाकला आणि गोणीसकट वाळूच्या ढिगात गेला. लोक पोट धरून हसले. "चार कोपऱ्यांत चार सळया असतात," साहेब सांगत होता, "आणि त्यांना बांधून ठेवणाऱ्या रिंगा. एका बाजूच्या सळया गेल्या की खांब निम्मा होत नाही. तो वाकतो."

"सायबाला काय जातं बोलायला," प्रेमानंद आता म्हणाला. "निम्म्यावर वजन धरंल. पट्ट्यापुरतं तर काढायचं हाये."

"याडी खाली निजली हाये."

"तोंड बंद ठेव." त्यानं तिला खांद्यानं असं लोटलं की ती कोठीवर आदळली आणि तिचा ओठ फुटला.

घणामागून छिन्नीनं आतलं सिमेंट निघालं. रिंग उघडी पडली, ती त्यानं कापली. मग सळई. करवतीच्या पात्यानं सळई किरकिरायला लागली तेव्हा खाटेवरून म्हातारी ओरडली, "कोन दात घासून राहिलं रे माझ्या कानात?"

"पोरगा तुझा," पलीकडून वसराम म्हणाला. "घर चावून राहिला."

पहिली सळई तुटली. तुटताना तिनं टणकन उडी घेतली. प्रेमानंदाच्या मनात कुठंतरी गोणी डळमळली, पण दुसरीला त्यानं पातं लावलं. भिंतीवरून वसरामची बायको मिना बघत होती, आणि बायकांच्या समोर हात आवरता घेणं त्याला जमलं नसतं. दुसरी सळई तुटली. खांबाची एक बाजू दुधाचा दात पडलेल्या तोंडासारखी झाली. पट्टा मोकळा झाला.

"घे!" तो ओरडला. "दिसली का धमक?"

वसराम भिंतीला वळसा घालून आला तो हातात फावड्याचा दांडा घेऊनच. कारण असं झालं होतं की शेवटच्या छिन्नीच्या ठोक्यानं खांबाच्या त्याच्याकडच्या प्लास्टरला उभी चीर गेली होती. "माझ्या निम्म्याला हात लावला, भाड्या!" म्हणत त्यानं दांडा प्रेमानंदाच्या पाठीत घातला. फटका असा बसला की प्रेमानंदाचा श्वास छातीतच अडकला. दुसरा फटका मानेवर. तिसरा त्यानं हातावर घेतला, दांडा धरला, ओढला, आणि वसरामचं तोंड गिरणीच्या बैठकीवर आपटलं. दात पडला. वसरामनं रक्त थुंकलं आणि त्याच तोंडानं प्रेमानंदाच्या मनगटाचा चावा घेतला. मिनाही वळसा घालून आली, तिनं प्रेमानंदाचे केस धरले. नितानं मिनाची वेणी धरली. म्हातारीनं उशाचा तांब्या भिरकावला, तो कुणालाच लागला नाही. "मुडद्यांनो! माझी खाट हलून राहिली! बाहीर जाऊन मरा!"

कुणी बाहेर गेलं नाही. वसरामनं धाकट्याला खाली पाडलं, छातीवर गुडघा रोवला आणि दोन्ही अंगठे गळ्यात रुतवले. प्रेमानंदाच्या डोळ्यांपुढं काजवे आले. हात चाचपडत गेला तो घणाच्या दांड्यावर. त्यानं गुडघ्यानं भावाला ढकललं, उठला, आणि वसराम खांबाला पाठ लावून उभा राहतो न राहतो तोच दोन्ही हातांनी घण फिरवला. डोक्यावरच फिरवला. ह्यात कसली चूक नव्हती. तो पुढं कितीदा तरी स्वतःशी म्हणाला की चुकून गेला, पण नाही. त्याला भावाचं डोकं फोडायचं होतं.

वसरामनं मान खाली घातली. घण केसांना चाटून खांबावर बसला.

तो घाव खांबानं खाल्ला. सिमेंटचा मोठा तुकडा उडाला आणि वसरामचा गाल कानापर्यंत चिरत गेला. आणि मग सगळे जिथल्या तिथं थांबले, कारण खांबातून आवाज आला. लाकूड मोडल्यासारखा नव्हे. आतून कुणी एकेक गाठ सोडतंय असा. टप. टप. उरलेल्या रिंगा सुटत होत्या. खांबानं पोट काढलं आणि ते पोट भिंतीला लागलं. मातीत रचलेली भिंत तशीच अखंड कलली, फळी मोडली, आणि विटांचा ढीग म्हातारीच्या पायांवर कोसळला.

म्हातारीची किंकाळी तांड्याच्या टोकापर्यंत गेली.

प्रेमानंदानं वर पाहिलं. बीमला मधोमध बारीक चीर पडली होती, केसाएवढी. बघता बघता तिच्यात बोट गेलं असतं एवढी झाली. वरून धूळ सांडायला लागली.

"निता! मिना! विटा काढा!" तो ओरडला. "भिया, गोठ्यातलं आढं आण!"

वसराम गालावर हात दाबून तसाच उभा. त्याची नजर घणावर होती.

"अरं आण! बीम येऊन राहिला खाली! टेका लावायचा हाये!"

वसराम पळाला. प्रेमानंदानं पट्टा निसटवला आणि गिरणीची बैठक दोन्ही हातांनी ओढली. एकट्याला न हलणारी ती बिडाची बैठक, पण त्या दिवशी फरशीला ओरखडे पाडत बीमखाली आली. मऊ जागेवर टेका रुततो. खाली रुंद, जड काहीतरी पाहिजे, हे त्याला कुणी आठवून द्यावं लागलं नाही. हातच जाणत होते. वसराम आढं खांद्यावर घेऊन आला. बापाच्या वाट्याचं, निम्मं. बैठकीच्या मोकळ्या भागावर उभं केलं तर बीमला टेकायला वीतभर कमी.

"निम्मं हाये ना," वसराम रक्ताच्या तोंडानं म्हणाला. एवढंच.

लाकूड फोडायच्या पाचरी मागच्या भिंतीशी पडल्या होत्या. म्हातारीचा वाटणाचा दगडी पाटा बैठकीवर टाकला, त्यावर समोरासमोर दोन पाचरी, पाचरींवर आढं. आता पाचरी दोन्ही अंगांनी ठोकत नेल्या की आढं वर चढणार आणि बीमला भिडणार. पण ठोकताना आढ्याचा बुंधा कुणीतरी पाचरींवर धरून ठेवायला हवा होता. हातानंच. आणि ठोकायला घरात एकच घण होता.

प्रेमानंदानं घण उचलला. वसरामनं त्याच्याकडं पाहिलं. चिरलेल्या गालातून रक्त गळत होतं, ते हनुवटीवरून पाट्यावर ठिबकत होतं.

"धर, भिया."

वसराम हलला नाही.

मागं म्हातारी ओरडत होती. निता नि मिना कुत्र्यांनी माती उकरावी तशा विटा मागं फेकत होत्या. मघाशी एकमेकींच्या झिंज्या ओढणाऱ्या ह्याच बायका. बीममधून एक खपला सुटून प्रेमानंदाच्या खांद्यावर पडला.

"तुझ्या हातानं मरायचं असतं तर मघाशीच मेलो असतो," वसराम म्हणाला, आणि गुडघ्यावर बसून त्यानं आढ्याचा बुंधा दोन्ही हातांनी धरला.

प्रेमानंदानं घण मारला. पाचर सरकली. घण भावाच्या बोटांपासून दोन बोटांवर बसत होता. वसरामनं डोळे मिटले नव्हते. प्रत्येक वेळी घण वर जाताना तो घणाकडं नव्हे, प्रेमानंदाच्या तोंडाकडं बघत होता. डावीकडची पाचर, उजवीकडची पाचर. आढं चढत गेलं, चढत गेलं आणि बीमला भिडलं. सागानं वजन घेतलं तसं ते कण्हलं.

"निघाली!" निता ओरडली. दोघी जावांनी म्हातारीला खाटेवरून गोधडीसकट ओढलं. पायाला लटकवलेल्या विटा फरशीवरून खडखडत मागून गेल्या. म्हातारी अर्धवट शुद्धीत होती, दारातून बाहेर जाताना तिनं एवढंच म्हटलं, "माझा पाटा." मग ती गप झाली.

आणि त्याच क्षणी खांब गेला. मोठा आवाज वगैरे काही नाही, थकलेला माणूस खाली बसावा तसा तो बसला. बीमचं सगळं वजन आता बापाच्या निम्म्या आढ्यावर आलं. पाचरी गच्च दाबल्या गेल्या, आढं बोटभर खाली बसलं, आणि वसराम ओरडला. त्याच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं बुंध्याखाली सापडली होती.

प्रेमानंदानं पाचरीवर घण उगारला.

"मारू नको!" वसराम म्हणाला. "पाचर निघाली की समदं आपल्या डोक्यावर येतं."

खरं होतं. टेका निघाला की वजनाला वाट राहत नाही. आणि वाट नसली की ते मिळेल तिथून खाली येतं. वर स्लॅब आता खोलीभर आवाज करत होता. आढ्याला मधोमध उभी फट पडायला लागली होती.

"कोयता," वसराम म्हणाला.

ऊसतोडीचा कोयता दाराच्या खुंटीला होता. प्रेमानंदाच्या हाताला त्याची सवय अशी की झोपेतही त्यानं ऊस बुडख्याला बरोबर छाटला असता. त्यानं कोयता आणला. वसरामनं दातात पटक्याचं टोक धरलं. उरलेल्या दातांत.

"एका घावात," तो पटक्यातूनच म्हणाला. "लाजू नको. मघा तर मुंडकंच उडवत होता."

प्रेमानंदानं कोयता मारला. एका घावात झालं.

तो भावाला काखेत धरून दाराकडं पळाला. उंबऱ्याशी दोघंही तोंडावर पडले, आणि मागं आढं फुटलं. स्लॅब खाली आला तेव्हा जमीन अशी हादरली की तांड्यातल्या बायांना वाटलं, ह्या भागात अधूनमधून होतो तसा भूकंपच झाला. धूळ बसायला बराच वेळ गेला. ती बसली तेव्हा दोघांच्या घराच्या जागी सळया बाहेर आलेला एकच ढिगारा होता. त्यात कुठलं निम्मं कुणाचं, हे नायकालाही सांगता आलं नसतं.

हिंगोलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, गाल कशानं फाटला, बोटं कशानं गेली. वसराम म्हणाला, "घर पडलं." पाठीवरचे वळ बघून प्रेमानंदाला विचारलं. तोही म्हणाला, "घर पडलं." म्हातारीचा दुसराही पाय मोडला होता. ती वाचली. आता कधी चालणार नव्हती. तिनं मात्र डॉक्टरांना खरं सांगितलं. "घर पडलं न्हाई. ह्यांनी पाडलं. दोघांनी. माझ्यावर."

पुढचा पावसाळा त्यांनी गोठ्यातल्या पत्र्याखाली काढला, मध्ये भिंत न घालता. दोघं भाऊ बोलत नव्हते. प्रेमानंद पाय दाबायला बसला की म्हातारी तोंड फिरवायची. "दाब," म्हणायची, "पन मला दिसू नको." वसराम डाव्या हातानं जेवायला शिकला. प्रेमानंदाला स्वप्न पडायचं ते घराचं नव्हे. त्यात घण फिरायचा आणि वसराम मान खाली घालायचा नाही.

दिवाळीनंतर नचिकेत साहेब मोटारसायकलवर आला. ढिगारा उपसून झाला होता. त्यानं जागा पाहिली, काळ्या मातीत किती खोल जावं लागेल ते पाहिलं, आणि दोन घरं आखली. शेजारी शेजारी, पण ह्याचे खांब ह्याचे, त्याचे खांब त्याचे, आणि दोन्ही घरांच्या मध्ये चार बोटांची फट.

"एवढीशी फट कशाला?" मिनानं विचारलं.

"जमीन हलली तर एकानं दुसऱ्याला धक्का देऊ नये म्हणून," साहेब म्हणाला. "आणि खांब कुणी निम्मा करू नये म्हणून."

साहेब गेला. पहिल्या खांबाच्या खड्ड्याशी खुंटी ठोकायची होती. म्हातारीची खाट लिंबाखाली आणून टाकली होती, तिला दिसेल अशी. निता नि मिना पाणी भरून आल्या होत्या आणि हंडे न उतरवताच थांबल्या.

वसराम पुढं झाला. त्यानं खुंटी जमिनीवर टेकवली आणि उजव्या हातानं, तीन बोटांनी, धरली. ढिगाऱ्यातून निघालेला घण बाजूला पडला होता. त्यानं प्रेमानंदाकडं पाहिलं. तसंच, तोंडाकडं.

"हाण."

प्रेमानंदानं घण उचलला. छातीपर्यंत आला आणि तिथंच अडकला.  त्यानं घण खाली ठेवला, भावाच्या समोर उकिडवा बसला, त्याच्या तीन बोटांतून खुंटी काढून घेतली आणि स्वतःच्या मुठीत धरली.

"तू हाण, भिया."

 वसरामच्या गालावरचा व्रण हलला. दात आवळले होते त्यानं. मग त्यानं घण उचलला. दोन बोटं नसलेल्या हाताला दांडा नीट बसेना; त्यानं पकड बदलली, पुन्हा बदलली. प्रेमानंदानं मूठ ढिली केली नाही. वर पाहिलं, आणि डोळे मिटले नाहीत. आपल्याला काय लागेल ते लागो, असंही त्याच्या मनात नव्हतं. त्याला फक्त कळायचं होतं, की भाऊ कुठं मारतो.

"हाण ना रे!" खाटेवरून म्हातारी म्हणाली. "का पंचांग पाहून राहिला?"

घण वर गेला. उन्हात चमकला. खाली आला.

खुंटी वीतभर आत गेली. प्रेमानंदाच्या मनगटातून कोपरापर्यंत झिणझिण्या चढल्या. वसरामनं घण जमिनीवर टेकवून घाम पुसला, आणि ढिगाऱ्याच्या जागेकडं, जिथं पुढचा खांब यायचा होता तिकडं, हनुवटीनं दाखवलं.

"आता तिथली धर," तो म्हणाला.